औषधांचा वर्षाचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, संगीत असे विषय शोभून दिसतात. तेथे औषधांच्या बिलावर बोलावयास एका युनियनच्या कार्यकर्त्याला उभे केले, याबद्दल चालकांचे धाडस मानले पाहिजे. मी डॉक्टर नाही, औषधशास्त्र शिकलेला नाही. शाळा लवकर सुटली आणि पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारात, कामगार कायद्याची पुस्तके, करारांचे मसुदे आणि कंपन्यांचे ताळेबंद वाचून. ताळेबंद वाचावयाची एकदा सवय लागली की माणूस घरच्या बिलाकडेही त्याच नजरेने पाहू लागतो. तेव्हा कोणती गोळी घ्यावी हे मी आज सांगणार नाही. ते डॉक्टरांनी सांगावे. त्या गोळीला पैसे किती पडावेत, हे विचारण्याचा हक्क मात्र मजपाशी आहे, कारण ते पैसे मजुरीतून जातात.

आपल्या वडिलांच्या काळी आजार पाहुण्यासारखा येई. ताप आला, चार दिवस राहिला, गेला. नाहीतर माणसाला घेऊन गेला. आजचे आजार भाडेकरूसारखे आहेत. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, हृदयाचे दुखणे, दमा, फिट्स हे एकदा घरात शिरले की मरेपर्यंत हलत नाहीत, आणि गंमत अशी की येथे भाडे भाडेकरू देत नाही, घरमालक देतो. पगारवाढीच्या मागण्यांत आम्ही घरभाडे लिहितो, प्रवासभत्ता लिहितो, मुलांचे शिक्षण लिहितो. रोजच्या गोळीचा खर्च मात्र कित्येक वर्षे आमच्या कोणाच्याच मागणीपत्रात वेगळा येत नव्हता. महिन्याचे वाणसामान, दूध, वीज यांच्या हिशेबात तो कोठेतरी बुडून जाई.

तो वर काढून पाहू. आकडे समजावयास सोपे जावेत म्हणून मी गोल घेतो. एका माणसाला दिवसाला ४ गोळ्या आहेत. रक्तदाबाच्या दोन, शुगरची एक, कोलेस्टेरॉलची एक. साठीच्या पुढे हे काही नवल नव्हे. वर्षाच्या झाल्या १,४६० गोळ्या. गोळी सरासरी १० रुपयांना पडली तर १४,६०० रुपये. ३ रुपयांना पडली तर ४,३८०. फरक १०,२२० रुपयांचा. आता दुसरा आकडा शेजारी मांडा. कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ज्याला कामगार ‘पंचाण्णवची पेन्शन’ म्हणतात तीत, सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन ठरले महिना १,००० रुपये. वर्षाचे १२,०००. म्हणजे वर सांगितलेल्या माणसाची १० रुपयांची गोळी त्याचे वर्षाचे किमान पेन्शन गिळून वर २,६०० रुपयांचे कर्ज करते. आणि तीच ३ रुपयांना पडली तर पेन्शनचे ७,६२० रुपये मीठमिरचीला उरतात. माणूस तोच, रोग तोच, आणि बहुतेक वेळा गोळीतले औषधही तेच.

हिशेब जमला नाही म्हणजे माणूस काय करतो, ते मी पाहत आलो आहे. तो गोळी बंद करीत नाही. दिवसाआड घेऊ लागतो. डॉक्टरांना सांगत नाही, बायकोला सांगत नाही. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने हेच केले. हिशेबी माणूस, पाकिटावर पेन्सिलीने तारखा लिहून ठेवी, आणि महिन्याचे पाकीट दोन महिने पुरवी. रक्तदाब आतून दिसत नाही, दुखत नाही, म्हणून त्याला वाटे की आपले छान चालले आहे. पुढे एका पहाटे त्याची उजवी बाजू गेली. गोळ्यांवर वाचवलेले पैसे इस्पितळाच्या पहिल्या दिवसाला पुरले नाहीत. आज तो डाव्या हाताने जेवतो. दुसरी गोष्ट याहून अधिक मुकी आहे. घरात दोघांनाही कायमची औषधे असतील आणि पैसे कमी पडले, तर आधी बाईची गोळी थांबते. तिची थायरॉइडची गोळी ‘पुढच्या महिन्यात आणू’ या सदरात जाते. हे कोणी ठरवून करीत नाही, पण घरोघरी होते. येथे बसलेल्या भगिनींना ते अधिक ठाऊक असेल.

म्हणून आज जे काही सांगावयाचे आहे ते गोळीची किंमत कमी करण्याविषयी. गोळ्यांची संख्या कमी करणे हे काम डॉक्टरांचे. ते काम त्यांच्याकडून वर्षातून एकदा अवश्य करून घ्यावे. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्या आणि विचारावे, ‘यांतली कोणती आता नको?’ तीन ठिकाणच्या तीन डॉक्टरांनी लिहिलेली ॲसिडिटीची गोळी, कोणे एके काळी अशक्तपणासाठी दिलेली आणि अजून चालू असलेली ताकदीची गोळी, अशा कितीतरी गोळ्या नुसत्या सवयीने चालू असतात.

आता किमतीकडे वळू. आपल्या गावची चिक्की घ्या. बाजारपेठेत निरनिराळ्या नावांच्या पेढ्या आहेत, डब्यांवर निरनिराळी चित्रे आहेत, पण आत गूळ आणि शेंगदाणा. गिऱ्हाईक चव पाहते, भाव विचारते, शेजारच्या दुकानात जाते. चिक्की खाणारा, निवडणारा आणि पैसे देणारा एकच असतो. औषधाच्या बाजारात या तीन जागा फुटलेल्या आहेत. निवडतो डॉक्टर, विकतो केमिस्ट, पैसे देतो रोगी. आणि जो पैसे देतो त्याला नाव वाचता येत नाही. कंपनी आपला माल खपविण्यासाठी रोग्याकडे कधीच येत नाही. ती डॉक्टरांकडे जाते, दुकानदाराकडे जाते. त्या जाण्यायेण्याचा खर्च तुमच्या गोळीवर बसतो.

औषधाला दोन नावे असतात. एक मूळ नाव, जसे ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, ॲटॉर्वास्टॅटिन. दुसरे कंपनीने ठेवलेले छापाचे नाव. सप्टेंबर २०१८ पासून असा नियम आहे की, पाकिटावर मूळ नाव छापाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असले पाहिजे. घरी गेल्यावर भिंग घेऊन पाहा, नाहीतर नातवंडांना वाचावयास सांगा. मूळ नाव आणि शेजारचा मिलिग्रॅमचा आकडा, एवढे दोन शब्द एका कागदावर उतरून घ्या. माझ्या मते हा कागद रेशनकार्डाइतका जपून ठेवण्यालायक आहे.

कोणी म्हणेल, मग दुकानात जाऊन त्याच औषधाची स्वस्त गोळी मागू. तेथे कायदा आडवा येतो. औषधांच्या १९४५ सालच्या नियमांप्रमाणे, चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या बाबतीत डॉक्टरांनी छापाचे नाव लिहिले असेल तर केमिस्टने त्याऐवजी दुसरे देता कामा नये, आतले औषध तेच असले तरीही. नियमामागचा हेतू चांगला आहे. दुकानदाराने मनाला येईल ते गळ्यात घालू नये. पण परिणाम असा होतो की किल्ली डॉक्टरांच्या पेनात राहते. मूळ नावाने औषध लिहावे, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून आहे, आणि २०१६ साली ते वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या, अक्षरांत लिहावे अशी भर पडली. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते सक्तीचे करणारे नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. डॉक्टरांच्या संघटनांचे म्हणणे होते की, आधी सर्व औषधांच्या दर्जाची हमी द्या. ते म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. त्याकडे मी येतोच.

तोपर्यंत विनंती हाच मार्ग. ती मी लोकांना पाठ करून देतो: ‘डॉक्टरसाहेब, ही गोळी मला जन्मभर घ्यावयाची आहे आणि माझे उत्पन्न इतके आहे. औषधाचे मूळ नाव लिहून द्याल का?’ उत्पन्नाचा आकडा सांगावयास लाजू नये. आमचा अनुभव असा की कित्येक डॉक्टर मनापासून बरे म्हणतात, कारण रोगी गोळी सोडून देतो हे त्यांनाही दिसत असते. त्याचे कारण मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. जे रागावतात त्यांच्याशी हुज्जत घालू नये. दुसरा डॉक्टर शोधावा.

आणखी एक खाच दाखवून ठेवतो. दुकानात ‘जेनेरिक’ म्हणून जी गोळी मिळते तिच्या पाकिटावरची छापील किंमत पुष्कळदा नामांकित गोळीच्या जवळपासच असते. दुकानदाराला मात्र ती फारच स्वस्तात पडलेली असते. म्हणजे स्वस्ताई वाटेतच उतरली, आपल्या घरापर्यंत आली नाही. म्हणून जेनेरिक मिळाले एवढ्यावर समाधान मानू नका, किती टक्के कमी करता ते विचारा. छापील किंमत ही कमाल किंमत आहे. तिच्याखाली विकावयास कायद्याची आडकाठी नाही.

आता दर्जाचा प्रश्न. सरकारी तपासणीत काही औषधे कमी दर्जाची निघतात, हे खरे आहे. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था अशा औषधांची यादी दर महिन्याला प्रसिद्ध करते. पण त्या याद्यांत नामांकित आणि बिननावाची दोन्ही प्रकारची औषधे येतात. शिवाय एकाच कारखान्यात एकाच यंत्रावर चार कंपन्यांच्या नावाच्या गोळ्या निघतात, हे त्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसांना आमच्याहून जास्त माहीत आहे. तेव्हा किमतीवरून दर्जा ओळखता येत नाही, असे म्हणणे न्यायाचे होईल. मात्र एक सावधगिरी जरूर पाळावी. फिट्सचे औषध, थायरॉइडचे औषध, रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन, अशा काही औषधांत थोडासा फरकही शरीराला जाणवतो. ती एकदा एका कंपनीची बसली की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये, आणि बदललीच तर रक्त तपासून घ्यावे. स्वस्त करण्याच्या उत्साहात हे विसरता कामा नये.

स्वस्त म्हणजे हलके, ही समजूत निदान मावळच्या माणसाने तरी धरू नये. ज्या पिंपरी स्टेशनावरून आपण लोकलने रोज जातो येतो, तेथेच या देशातला सार्वजनिक क्षेत्रातला पहिला औषध कारखाना उभा राहिला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आपल्या बोलण्यातली ‘एच.ए.’. कंपनी १९५४ साली स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत तिला होती, आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याआधी पेनिसिलिन परदेशातून यावयाचे. न्युमोनियाने मूल गेले, बाळंतज्वराने बाई गेली, या गोष्टी त्या वेळी खेड्यांत वरचेवर घडत, आणि औषध जगात असूनही ते आपल्यापर्यंत पोहोचत नसे. औषध देशात तयार करावे आणि तेही लोकांच्या मालकीच्या कारखान्यात, हा विचार त्या चिमणीमागे होता. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिबसिंग सोखी यांनी हाच आग्रह वर्षानुवर्षे धरला होता.

दुसरी लढाई कायद्याची झाली. अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉव्हर समितीने त्या सुमारास औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा दिसून आले की काही औषधांच्या बाबतीत गरीब हिंदुस्थानातल्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींत मोडतात. कारण इंग्रजांच्या वेळचा पेटंट कायदा. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली त्यावर अहवाल दिला, आणि १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्याने औषध या वस्तूवरचे पेटंट काढून टाकले आणि फक्त तयार करण्याच्या पद्धतीवर ठेवले. म्हणजे तेच औषध दुसऱ्या रीतीने तयार करावयास आपले कारखाने मोकळे झाले. आज घाट उतरून पाताळगंगेकडे गेले तर औषधांचे जे कारखाने दिसतात ते ज्या धंद्याचे, तो धंदा या कायद्याच्या सावलीत वाढला. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ साली एड्सवरची तीन औषधे आफ्रिकेतल्या रोग्यांसाठी दिवसाला एका डॉलरच्या आत देऊ केली. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांचा वर्षाचा खर्च १०,००० डॉलरच्या वर जात होता. आपण तयार केलेल्या स्वस्त गोळीवर दुसऱ्या खंडातली माणसे जगली, आणि आपण तिच्याकडे नाक मुरडतो!

१ जानेवारी २००५ पासून जागतिक व्यापार कराराप्रमाणे वस्तूवरचे पेटंट परत आले. त्याचा घरच्या बिलाशी काय संबंध, ते मधुमेहाच्या एका गोळीवरून दिसेल. एम्पाग्लिफ्लोझिन हे तिचे मूळ नाव. पेटंट होते तोवर एक गोळी ६० रुपयांच्या आसपास पडे. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपले आणि त्याच महिन्यात आपल्या कंपन्यांनी तीच गोळी १० रुपयांच्या आत आणली. वर्षाचा हिशेब करा: ६० रुपयांनी २१,९०० आणि १० रुपये धरले तरी ३,६५०. पण ही बातमी चिठ्ठीला आपोआप कळत नाही! जुन्या चिठ्ठीवर जुने नाव असेल तर दुकानदार जुनेच देणार. ज्यांच्या घरी महाग गोळी चालू आहे त्यांनी दर वर्षी डॉक्टरांना एवढेच विचारावे, ‘या औषधाचे आता दुसरे, स्वस्त आले का?’

सरकार किमती बांधून देते, असे आपण ऐकतो. ते खरे आहे, पण अर्धे. १९७९ सालच्या आदेशात किंमत-नियंत्रणाखाली साडेतीनशेच्या सुमारास औषधे होती. १९९५ पर्यंत ती ७४ वर आली. जनआरोग्याचे काम करणाऱ्या संस्थांनी २००३ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि दहा वर्षांनी २०१३ चा आदेश आला. आता अत्यावश्यक औषधांच्या यादीत जे आहे त्याला कमाल किंमत ठरते. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. ही कमाल किंमत ठरते कशी? गोळी तयार करावयास किती खर्च आला हे कोणी विचारीत नाही. बाजारात खपणाऱ्या छापांच्या किमतींची सरासरी काढतात आणि वर दुकानदाराचे १६ टक्के घालतात. महाग विकणाऱ्यांचीच सरासरी काढली तर ती महागच येणार. आमच्या मालकांनी पगार असा सरासरीने ठरविला असता तर आम्ही किती आनंदात राहिलो असतो!

आणि पुढे ऐका. यादीतल्या औषधांची किंमत दर एप्रिलला घाऊक महागाईच्या आकड्याप्रमाणे बदलते. २०२३ साली ती १२ टक्क्यांनी वाढविण्याची मुभा मिळाली. २०२४ साली जवळजवळ काहीच नाही. यादीबाहेरच्या औषधांना तर दर वर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. म्हणजे गोळीला महागाईभत्ता आहे. पंचाण्णवच्या पेन्शनला तो नाही. गोळी आणि ती गिळणारा, यांच्यात युनियन कोणाची मजबूत आहे ते पाहा. जोडगोळ्यांचा प्रकारही याच घरातला. यादीतल्या औषधाला दुसरे काही जोडले की त्याची बांधलेली किंमत त्या जोडगोळीला तशीच लागू पडत नाही. काही जोडगोळ्या खरोखर उपयोगी आहेत, एक गोळी घेऊन दोन कामे होतात. पण पुष्कळ निरर्थक आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने अशा १५६ जोडऔषधांवर एकाच वेळी बंदी घातली.

आता हक्काच्या वस्तूंकडे. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माहीत नसल्यामुळे सर्वांत जास्त पैसा येथेच वाया जातो.

कामगार राज्य विमा, आपला ईएसआय. नोकरीत असेतो औषध फुकट हे सर्वांना माहीत आहे. चिंचवडला मोहननगरचे इस्पितळ आहे. निवृत्त झाल्यावर सगळे संपले असे लोक समजतात. तसे नाही. किमान पाच वर्षे विमा असलेला कामगार वयोमानाप्रमाणे निवृत्त झाला तर आजवरच्या नियमाप्रमाणे वर्षाचे १२० रुपये भरून त्याला स्वतःला आणि त्याच्या जोडीदाराला वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. वर्षाचे एकशेवीस! मघाच्या १४,६०० शी ताडून पाहा. अटी आहेत, कागद लागतात, म्हणून निवृत्तीपूर्वीच शाखा कार्यालयात जाऊन विचारा आणि जुनी कार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या फेकू नका. एका ठेकेदाराने कित्येक वर्षे माणसांच्या पगारातून विम्याचे पैसे कापले आणि भरले मात्र मधूनमधूनच. निवृत्तीच्या वेळी पाच वर्षे सिद्ध करताना आमच्या नाकी नऊ आले. ज्यांनी पगाराच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात जपल्या होत्या त्यांचेच काम झाले.

दुसरे, सरकारी आरोग्य केंद्र. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार आणि औषधे निःशुल्क आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. कार्ल्याचे केंद्र, खडकाळ्याचे केंद्र, कान्हे फाट्याचे रुग्णालय ही आपलीच आहेत. रक्तदाबाची आणि मधुमेहाची नेहमीची औषधे तेथे मिळणे हा उपकार नाही, तो राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. अडचण माहीत आहे. अंदर मावळातला किंवा पवन मावळातला म्हातारा अर्धा दिवस मोडून येतो, आणि पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन जातो किंवा ‘साठा संपला’ हे ऐकून जातो. तेव्हा मागणी नेमकी करावी: कायमच्या आजाराला एका वेळी महिन्याच्या गोळ्या द्या. ही मागणी अवास्तव नाही. २०१७ च्या अखेरीस रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्यात आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे पहिल्या तुकडीत होते, आणि एका वेळी महिन्याचे औषध देणे हे त्याचे एक सूत्रच आहे.

तिसरे, जनऔषधी केंद्र. योजना २००८ सालची. आरंभी औषधे पुरविण्याचे काम सरकारी औषध कारखान्यांवर टाकले होते, आणि ते कारखाने, आमची एच.ए. धरून, तोवर स्वतःच आजारी पडलेले. म्हणून पहिली काही वर्षे दुकाने उघडी आणि फडताळे रिकामी असा प्रकार झाला. पुढे खाजगी कारखान्यांकडूनही माल घेऊ लागले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये देशातल्या केंद्रांची संख्या १०,००० झाली. तेथल्या किमतीचे सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे: बाजारातल्या पहिल्या तीन छापांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक नाही. पुष्कळ औषधे त्याहूनही बरीच खाली आहेत. तेथेही चिठ्ठीवर मूळ नाव असले की काम सोपे होते. एखादी गोळी नसेल तर नाव लिहून ठेवून आठवड्याने पुन्हा जावे. पाकीट संपण्याच्या दिवशी धावत जाणाऱ्याला कोणताच बाजार स्वस्त पडत नाही.

एवढे झाले एकेकट्याचे. पण माझा पिंड युनियनचा. एकट्याने भाव करणे आणि जमावाने भाव करणे यांतला फरक मी आयुष्यभर पाहिला आहे. आमच्या निवृत्त मंडळींनी एक साधी गोष्ट केली. तीस-पस्तीस माणसांनी आपापल्या गोळ्यांची मूळ नावे आणि महिन्याची संख्या कागदावर लिहिली. माणसांची नावे नाहीत, कारण कोणाला काय आजार आहे ही चव्हाट्यावरची गोष्ट नव्हे. सगळ्यांची बेरीज केली आणि तो कागद घेऊन तीन दुकानदारांकडे गेलो. म्हटले, दर महिन्याला एवढा माल, उधारी नाही, चिठ्ठ्या प्रत्येकाच्या रीतसर. आम्हाला पक्के बिल हवे, दर महिन्याला त्याच कंपनीची गोळी हवी, आणि छापील किमतीवर किती सोडता ते बोला. पहिल्याने चहा पाजून बोळवण केली. दुसऱ्याने विचार करतो म्हटले. तिसऱ्याने पेन्सिल काढली. औषधांचा साठा आपल्याच कचेरीत करावा असेही काही उत्साही मित्रांचे म्हणणे होते. ते आम्ही ऐकले नाही. परवान्याशिवाय आणि नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय औषध विकणे गुन्हा आहे, आणि तो नियम योग्यच आहे.

तळेगावचा काचकारखाना आपणांस माहीत आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा जमवावयाचे मनावर घेतले, लोकमान्यांनी पाठीवर हात ठेवला, आणि पैसा फंडातून १९०८ साली तो कारखाना उभा राहिला. ज्या तालुक्यात पैशापैशातून काच वितळली, तेथे गावोगाव औषधांची एक यादी करणे कठीण जाऊ नये. महिला बचत गट आहेत, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे आहेत, भजनी मंडळे आहेत. यादीला लागतो एक कागद आणि एक चष्मा.

राज्याकडे मागावयाचेही काही आहे. तामिळनाडूने १९९५ पासून एका महामंडळामार्फत साऱ्या सरकारी दवाखान्यांची औषधे एकत्र खरेदी केली, मूळ नावाने आणि तपासून. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना चालविली. आपल्याकडे २०२३ साली वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी प्राधिकरणाचा कायदा झाला. ते प्राधिकरण कार्ल्याच्या फडताळावर महिन्याच्या गोळ्या ठेवू शकते की नाही, यावर त्याची परीक्षा आपण करावी. ग्रामसभेत रस्ता आणि पाणी यांच्या जोडीला केंद्रातल्या औषधसाठ्याची यादी वाचून दाखवावी, असा ठराव घालावयास काहीच हरकत नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखविले आहे. प्रश्नोत्तरांच्या वेळी कोणी आपली रिकामी पाकिटे आणली असतील तर मागच्या टेबलापाशी यावे. मूळ नावे वाचून उतरवून द्यावयास आमचे दोन तरुण मित्र कागद-पेन घेऊन बसले आहेत. कोणती गोळी घ्यावी हे ते सांगणार नाहीत, आणि दुकानाचे नावही कोणाला सुचविणार नाहीत. ज्यांची थायरॉइडची गोळी ‘पुढच्या महिन्यात’ राहिली आहे, त्या भगिनींनी रांगेत पुढे उभे राहावे.